अर्ध्यात सोडलेलं खाचर

आवणी सुरू झाली, की ते प्रकरण मला हटकून आठवतं. आवणी म्हणजे भाताची लावणी. शहापूर-मुरबाड भागात हाच शब्द चालतो. निवृत्त होऊन आता काही वर्षं झाली. दरोडे, खून, म्हसा गावच्या जत्रेतले खिसेकापू असं बरंच काही हाताखालून गेलं, आणि त्यातलं बरंचसं डोक्यातूनही गेलं. हे प्रकरण गेलं नाही. यातल्या कोणाचंही नाव मी सांगणार नाही, गावाचंही नाही. नाव छापून आलं तर त्या गावाला उगाच पाहुणे वाढतील, आणि हा सगळा किस्सा तसल्या पाहुण्यांमुळेच घडला.

मी तेव्हा मुरबाड तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. माळशेज घाटाकडे जाणारा रस्ता आमच्या हद्दीतून जायचा, त्यामुळे पावसाळ्यातले शनिवार-रविवार म्हणजे आमच्या डोक्याला ताप. धबधब्यांवर जायला मनाई करणारा आदेश दरवर्षी निघतो. आदेश निघतो, फलक लागतो आणि त्या फलकाला टेकून लोक फोटो काढतात. बंदोबस्ताला शिपाई उभा केला, तर त्याच्याच हातात मोबाइल देऊन "काका, आमचा एक काढा ना" म्हणणारे महाभाग मी पाहिले आहेत. मी चिडायचो, ओरडायचो, गाड्या परत पाठवायचो. पुढच्या रविवारी तेवढ्याच गाड्या पुन्हा हजर.

अशाच एका रविवारी संध्याकाळी चार तरुण ठाण्यात आले. चौघेही वाशिंदचे, पंचविशीच्या आतबाहेरचे, नखशिखांत भिजलेले. वाशिंदला ज्या नव्या इमारती उभ्या राहिल्या आहेत, त्यांतल्या एकाच संकुलात राहणारे हे शाळेपासूनचे मित्र. ज्याची गाडी होती तो जरा बोलका होता. दुसरा चांगला उंच, अंगानं कमावलेला. उरलेले दोघे नुसते थरथरत होते. निघताना ते पाच होते. पाचवा परत आला नव्हता.

गाडीवाल्यानं हकिगत सांगितली. घाट पाहायला गेलो होतो. परत येताना हमरस्त्यावरच्या एका पुलाजवळ थांबलो. मित्र पाय धुवायला नाल्यात उतरला, घसरला आणि डोळ्यांदेखत वाहून गेला. बाकी तिघांनी माना हलवल्या. ठाणे अंमलदारानं बेपत्ता माणसाची नोंद केली, मी वायरलेसवरून पुढच्या ठाण्यांना कळवलं आणि पुलाकडे माणसं पाठवली. पावसाळ्यात असं एखादं प्रकरण दरवर्षी यायचंच. खरं सांगायचं तर त्या संध्याकाळी मी, माझी माणसं आणि ते चौघे, आम्ही सगळेच एक मृतदेह कुठे सापडेल याचा विचार करत होतो.

सोमवारी सकाळी बचाव पथकातल्या स्वयंसेवकांनी पुलाच्या खालच्या अंगाला दोर आणि गळ टाकून शोध सुरू केला. पाणी गढूळ, वेग भयानक. इकडे ठाण्यात मुलाचे वडील आले. वाशिंदच्याच एका कारखान्यात पाळीवर काम करणारे, शांत दिसणारे गृहस्थ. सोबत नातेवाईक, शेजारी आणि कुठूनसे जमलेले दोन पुढारी. वडिलांचं म्हणणं एकच होतं. मुलगा उत्तम पोहणारा, तो पाय धुताना वाहून जाणं शक्य नाही. गेल्याच महिन्यात त्याचं आणि गाडीवाल्याचं कडाक्याचं भांडण झालं होतं. यांनी त्याला ढकललं आहे, खुनाचा गुन्हा दाखल करा.

पुढारी आवाज चढवत होते. वडील मात्र माझ्या टेबलाची कड धरून हळूच म्हणाले, "साहेब, एकच पोरगा आहे." एवढं बोलून ते बाकावर जाऊन बसले आणि दिवसभर तिथून उठले नाहीत. आरडाओरडा करणाऱ्या माणसाला गप्प कसं करायचं हे मला पक्कं ठाऊक होतं. गप्प बसलेल्या बापाचं काय करायचं हे कुठल्याच प्रशिक्षणात शिकवत नाहीत.

दुपारच्या सुमारास ठाण्यात एक फोन आला. बोलणारा नाव सांगायला तयार नव्हता. तो म्हणाला, "साहेब, त्या पुलावं काल कुनी उतरलाच नाय. मी दिसभर तिथंच व्हतो." तू तिथे काय करत होतास, असं विचारल्यावर गडी अडखळला. मग कबूल झालं, की तो पुलाच्या कडेला शेगडी मांडून कणसं भाजतो. मनाई आदेशात तसल्या टपऱ्याही उठवल्या होत्या, म्हणून तो सकाळपासून आमची माणसं पुलावर बघूनही गप्प होता. मी गाडीचं वर्णन केल्यावर आणखी एक गोष्ट त्यानं सांगितली. ती गाडी त्यानं घाटाकडून येताना पाहिलीच नव्हती. एका आडवाटेनं ती रस्त्याला लागली होती, आणि आतली पोरं एकमेकांवर ओरडत होती.

मी फोन ठेवला आणि आवारात उभी असलेली ती गाडी पाहायला गेलो. दार उघडून पायाखालची पुसणी बाहेर काढली. रस्त्यावर उतरून चहा पिणाऱ्या माणसाच्या बुटाला असतो तो चिखल वेगळा. हा घोट्यापर्यंत रुतून आलेला, गिळगिळीत, शेतातला चिखल होता, आणि त्यात भाताची चार-दोन रोपं मुळांसकट चिकटलेली होती. ही मंडळी कुणाच्या तरी नुकत्याच लावलेल्या खाचरातून तुडवत गेली होती. पुलापाशी तर दोन्ही बाजूंना कातळ आहे, तिथे खाचर नाहीच.

मी चौघांना वेगळं बसवलं. एक माझ्या खोलीत, एक मुद्देमालाच्या खोलीबाहेर, एक बराकीत आणि एक व्हरांड्यात हवालदारासमोर. आधी सगळ्यांना खायला आणि चहा दिला. हात उचलायचा प्रश्नच नव्हता. जो माणूस आधीच घाबरलेला आहे, त्याला आणखी घाबरवलं की तो तुम्हाला हवं ते सांगतो, खरं सांगत नाही. अननुभवी अधिकारी नेमकी इथे चूक करतात.

चौकशीत आणखी एक पथ्य मी पाळायचो. जे पाठ करून आले आहेत ते विचारायचंच नाही. म्हणून पुलाचं, नाल्याचं मी नावही काढलं नाही. त्यांची मैत्री, नोकऱ्या, कोण कोणाला काय म्हणून चिडवतं, अशा गप्पा मारल्या. उंच मुलाची वेळ आली तेव्हा कळलं, की त्याची पोलीस भरतीत निवड झाली होती. मैदानी झाली, लेखी झाली, आता फक्त चारित्र्य पडताळणी राहिली होती. हे शेवटचं त्यानं जमिनीकडे बघत सांगितलं. मला अर्धं कोडं तिथेच सुटलं. या सगळ्यांत ज्याला गुन्ह्याच्या नोंदीची सर्वांत जास्त भीती असणार, तो माझ्यासमोर बसला होता.

मी ती रोपं टेबलावर ठेवली. तो बघत राहिला.

"तो वाहून जाताना तू स्वतः पाहिलंस?" मी विचारलं.

त्यानं चहाचा कप दूर सारला.

"हात, डोकं, शर्ट, पाण्यात काही तरी दिसलं असेल ना?"

"नाही, सर."

"मग वाहून गेला हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

त्यानं रोपांना चिकटलेला चिखल बोटानं पुसला. मग म्हणाला, "कोणीच नाही, सर. ते आम्हीच ठरवलं."

मग सगळं बाहेर आलं. गाडीवाल्यानं मोबाइलवर एका धबधब्याची चित्रफीत पाहिली होती. टाकणाऱ्यानं जागेचं नाव मुद्दाम सांगितलं नव्हतं, त्यामुळे यांना ती शोधून काढायची जास्तच खुमखुमी. वैशाखरे गावाच्या बाजूनं आत गेल्यावर एका छोट्या गावाच्या मागे, डोंगराच्या खोबणीत तो धबधबा आहे. गावातून गेलं तर लोक अडवतात, म्हणून ते खाचरं तुडवत रानाच्या कडेकडेनं गेले. तिथे पोहोचले, नाचले, पोहले, फोटो काढले. मग पाऊस वाढला. चौघे म्हणाले, निघू या. पाचव्याला धबधब्याच्या वरच्या टप्प्यावरून एक फोटो हवा होता. त्यावरून वादावादी झाली. गाडीवाला चिडून म्हणाला, तू ये मागून. चौघांनी ओढा ओलांडला आणि बघता बघता ओढा फुगला. त्यांनी पलीकडे थांबून हाका मारल्या, पण पाण्याच्या आवाजात त्यांचं त्यांनाच ऐकू येत नव्हतं. अंधारून यायला लागलं तसे ते पळत सुटले. गाडीत बसल्यावर उंच मुलाला पडताळणी आठवली, गाडीवाल्याला भांडण आठवलं. मनाई असलेल्या जागी गेलो हे कळलं तर गुन्हा, आणि गुन्हा म्हणजे नोकरी गेली. मग पुलाची गोष्ट रचली गेली. पुलाखाली शोध सुरू आहे, मित्र सापडला तर सापडेल, असं स्वतःला समजावत ते रात्रभर ठाण्यात बसून होते. ती गोष्ट इतक्या वेळा सांगून झाली होती, की तो वाहून गेला हे त्यांना स्वतःलाच खरं वाटायला लागलं होतं.

"अरे, तो जिवंत असेल तर?" मी म्हणालो. उंच मुलगा माझ्याकडे असा काही बघायला लागला, की हा विचार त्याच्या मनात खरोखरच आला नव्हता हे मला स्वच्छ दिसलं. मग तो टेबलावर डोकं ठेवून रडला. मला त्याचा रागही आला आणि कीवही. राग जास्त आला.

त्याच संध्याकाळी मी बीट हवालदाराला त्या गावात धाडलं. कुणी काही पाहिलं-ऐकलं नाही, असा निरोप आला. अंधारात त्या ओढ्यात माणसं उतरवणं म्हणजे आणखी घरं उघडी पाडणं. उजाडताच पथक पुलावरून हलवलं आणि आम्ही सगळे गावाकडे निघालो. वडिलांना मी एवढंच सांगितलं, की जागा बदलली आहे, अजून काही सांगत नाही. ते थेट आमच्या गाडीत येऊन बसले.

धबधबा देखणा होता हे मान्य केलंच पाहिजे. हिरव्यागार खोबणीत वरून पांढरा लोट येत होता आणि शेजारी उभ्या माणसाच्या कानात ओरडावं लागत होतं. स्वयंसेवकांनी डोह पाहिला, वरचा टप्पा पाहिला. तिथे मुलाची पाठपिशवी एका झाडाला अडकवलेली मिळाली. मुलगा नाही. वडिलांनी ती पिशवी घेऊन छातीशी धरली. स्वयंसेवकांच्या म्होरक्याचं मत पडलं, की डोहाच्या तळाशी कपारी आहेत, पाणी उतरेपर्यंत थांबावं लागेल. म्हणजे पुन्हा मृतदेहाचाच हिशेब. मला तो मान्य नव्हता, पण माझ्या हातात तरी काय होतं?

आणखी दोर आणि माणसं मिळतात का बघायला मी गावाकडे उतरलो. सोबत गावचा पोलीस पाटील होता. पन्नाशीचा, मोठ्या घरचा, बोलण्यात मिठास. कुनी काय आयकला नाय साहेब, हे त्यानं मला वाटेत दोनदा न विचारता सांगितलं. न विचारता दिलेलं उत्तर मी नेहमी बाजूला ठेवतो, पुढे उपयोगी पडतं.

उतारावर गावाची खाचरं होती. आवणी ऐन भरात आलेली. एका खाचरात बायका ओळीनं वाकून रोपं लावत होत्या. इथे सावड चालते, म्हणजे आज सगळ्यांनी मिळून तुझ्या शेतात राबायचं, उद्या माझ्या. मी स्वतः शेतकऱ्याच्या घरातला, त्यामुळे नजर आपोआप तिकडे वळली. वरपासून खालपर्यंत लावलेली खाचरं, आणि सगळ्यांत खाली, ओढ्याच्या वळणालगत, एक खाचर अर्धंच लावलेलं. उरलेल्या अर्ध्यात उपटून आणलेल्या रोपांच्या जुड्या तशाच पाण्यात पडलेल्या, शेंडे पिवळे पडायला लागलेले. उपटलेलं रोप असं टाकून कोणी जात नाही. वर्षाचं पोट असतं ते.

"हे खाचर कोणाचं?" मी पाटलाला विचारलं.

"म्हातारीचा हाय एका. आजारी हाय ती."

"आणि सावडीतल्या बाकीच्या बायका? त्याही आजारी आहेत?"

पाटील छत्रीची मूठ चोळत राहिला. मी मनातल्या मनात एकेक शक्यता खोडली. बिबट्या आला असता तर आतापर्यंत वन खात्याला दहा फोन गेले असते. साप निघाला असता तर त्यांनी तो मारून काम चालू ठेवलं असतं. भांडण असतं तर सावडच मोडली असती. या बायका त्या खाचराकडे पाठ करून लावत होत्या, एकीनंही तिकडे मान वळवली नव्हती. भर आवणीत काम टाकून पळावं, आणि ते पोलिसांपासून लपवावंसंही वाटावं, असं काय असेल?

मी बांधावर जाऊन बसलो. टोपी काढून बाजूला ठेवली. कोणी ओरडताना ऐकलं का, असं विचारलं असतं तर नाय हे उत्तर तयार होतं. म्हणून मी सरळ विचारलं, "हाक पहिल्यांदा कोणाच्या कानावर आली?"

बायकांचे हात थांबले. पाटील काहीतरी बोलायला गेला, मी त्याला हातानंच गप्प केलं. शेवटी एक मध्यमवयीन बाई कंबर सरळ करून म्हणाली, "आमा सगल्यांच्याच, साहेब. पन एकच आली. एक हाक आली तर ओ द्यायची नस्ते."

त्या ओढ्याविषयी गावाचा एक नेम होता. ओढ्याकडून एकच हाक आली, तर ओ द्यायची नाही. माणूस असेल तर तो पुन्हा हाक मारेल. जो पुन्हा मारत नाही, तो माणूस नाही, आणि त्याला ओ देणारा त्याच्या मागे जातो. रविवारी तिन्हीसांजेला अशी हाक आली. सोमवारी सकाळी लावणी चालू असताना पुन्हा तशीच, एकटी. बायका हातातल्या जुड्या टाकून पळाल्या. पोलिसांना सांगितलं तर हसतील, शिवाय तुम्ही गेला का नाहीत म्हणून आपल्यालाच धरतील, असं गावात ठरलं. पाटलानंच ठरवलं, हे मला नंतर कळलं.

"आणि म्हातारी?" मी विचारलं. "ती खरंच आजारी आहे?"

ती बाई खाली मान घालून म्हणाली, "ती ओ देव लागली व्हती. आमी तिचा तोंड दाबला."

म्हातारीच्या घराला बाहेरून कडी होती. सुनेनं ती काढली. आत चुलीजवळ एक वाळकी, ताठ बाई बसली होती. बऱ्याच वर्षांपूर्वी, अशाच पावसात, तिचा धाकटा, तरणा मुलगा मासे धरायला त्या ओढ्यावर गेला तो परत आला नाही. देहही मिळाला नाही. तो गेल्यावर दोन-तीन दिवस ओढ्याकडून हाक येत राहिली, असं गावात सांगतात. नेम पाळायला लागले ते तेव्हापासून. म्हणून सोमवारी हाक ऐकल्यावर ती ओढ्याकडे धावली होती, आणि ती जीव देईल या भीतीनं गावानं तिला कोंडून ठेवलं होतं. त्यांचा हेतू वाईट नव्हता. हे मी त्या दिवशीही म्हटलं आणि आजही म्हणतो.

तिनं मला पाहिलं, पाटलाला पाहिलं आणि म्हणाली, "मी ओ देनार व्हते, सायबा. यांनी देव दिली नाय."

"हाक कुठून आली ते दाखवशील?"

ती उठलीच. इरलं घेतलं नाही, काठी घेतली नाही. आम्ही तिच्यामागे जवळजवळ पळत होतो. धबधब्याकडे ती वळलीसुद्धा नाही, अर्ध्या लावलेल्या त्या खाचरातून ती थेट ओढ्याच्या वळणाकडे गेली. धबधब्यापासून हे वळण चांगलंच खाली होतं आणि इथे पाण्याचा आवाज निम्म्यावर आला होता. आम्ही सकाळपासून वर शोधत होतो. इथे कोणी पाहिलंच नव्हतं. पलीकडे कातळाची भिंत, तिच्या पोटाशी करवंदीच्या जाळ्या, खाली फुगलेला ओढा.

हवालदारानं मुलाच्या नावानं हाका मारल्या. काही नाही. वडिलांनी हाक मारली, तरी काही नाही. मग म्हातारी पाण्याच्या कडेला जाऊन उभी राहिली आणि दोन्ही हात तोंडाशी धरून तिनं ओ दिली. लांबलचक, खणखणीत, रानात गुरं राखणाऱ्या माणसांची असते तशी. एवढ्याशा देहात तेवढा आवाज कुठून आला देव जाणे. बरोबरच्या बायका मागे सरल्या. एकीनं पदर तोंडात धरला.

थोडा वेळ नुसतं पाणी. आणि मग पलीकडच्या जाळीमागून एक हाक आली. एकच.

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला, हे लपवत नाही. वडील पाण्यात उतरायला निघाले, त्यांना दोघांनी धरलं. म्हातारी पुन्हा ओ देत राहिली, दोर बांधून स्वयंसेवक पलीकडे पोहोचेपर्यंत ती थांबली नाही.

मुलगा कातळाच्या एका खोबणीत पडला होता. रविवारी ओढा ओलांडताना पाण्यानं त्याला इथवर फरफटत आणून पलीकडच्या अंगाला फेकलं होतं. पाय मोडलेला, बरगड्या मोडलेल्या. नंतर रुग्णालयातल्या डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं, की तशा बरगड्यांनी जोरात ओरडायचं म्हणजे जीव कळवळतो. एक हाक मारली की श्वास घेता येत नाही, दुसरी मारायला बराच वेळ ताकद गोळा करावी लागते. तो एकदाच हाक मारायचा याचं कारण एवढंच होतं. खाचरातल्या बायका त्याला सोमवारी दिसल्याही होत्या. त्यानं हाक मारली आणि त्या पळून गेल्या. आपल्याला हे लोक का घाबरले, याचाच तो विचार करत पडला होता.

झोळी अलीकडच्या काठाला आली तेव्हा वडील तिच्यावर ओणवे झाले. ज्यांच्यावर खुनाचा गुन्हा लावा म्हणत होते, त्यांच्याविषयी त्यांनी पुन्हा चकार शब्द काढला नाही. मी मात्र काढला. मनाई आदेशाचा भंग आणि पोलिसांना खोटी माहिती, दोन्हींबद्दल रीतसर कारवाई केली. पुढे उंच मुलाच्या पडताळणीसाठी वाशिंदच्या ठाण्यातून माझ्याकडे विचारणा आली तेव्हा झालं ते सगळं लिहून पाठवलं. तो खोटं बोलला हे लिहिलं, आणि चौघांत आधी खरं तोच बोलला हेही लिहिलं. निर्णय वरिष्ठांचा होता. आज तो खात्यात आहे, आणि माझ्या माहितीप्रमाणे चांगलं काम करतो.

या प्रकरणात गुन्हेगार असा कोणी नव्हता. मोठा गुन्हा दडवणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, त्यांना पकडणं त्या मानानं सोपं असतं, कारण आपण त्यांच्यावर संशय घेतलेला असतो. कणसंवाला टपरीपायी गप्प बसला, पोरं नोकरीपायी, गाव हसं होईल म्हणून. प्रत्येकाची भीती बोटभर होती आणि त्या सगळ्यांच्या खाली एक जिवंत मुलगा दबला होता. त्यानंतर कोणत्याही चौकशीत मी आधी एवढंच शोधायला लागलो, की समोरच्याला कसली किरकोळ भीती वाटते आहे. ती काढून टाकली, की बहुतेक वेळा बाकीचं आपोआप बाहेर येतं. नव्या अधिकाऱ्यांना मी आजही हेच सांगतो.

काही दिवसांनी जबाब घ्यायला मी स्वतः म्हातारीच्या घरी गेलो. खरं तर हवालदारही चालला असता. तिनं कोरा चहा दिला. जबाब झाला, अंगठा झाला. मी उठायला लागलो तर म्हणाली, "बस, सायबा. एक इच्यारायचा हाय."

मी बसलो.

"ह्या पोराची हाक खरी व्हती. मंग तवाची? माजा पोर गेला तवा पन दोन-तीन दिस हाक येत व्हती. तवा मी पन नाय दिली ओ. समदी म्हनली नको, म्हून नाय दिली."

तिला काय विचारायचं होतं ते मला कळलं. सुनेलाही कळलं असावं, कारण ती काम टाकून दारात येऊन उभी राहिली. त्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत नव्हतं, आणि या जगात कोणालाच माहीत असणं शक्य नव्हतं.

मी तिच्या डोळ्यांत बघून सांगितलं, "नाही, आई. मी तेव्हाचे कागद पाहिले आहेत. तुझ्या मुलाला पाण्यानं तत्क्षणी नेलं. ती हाक त्याची नव्हती."

तसे कागद नव्हतेच. आयुष्यभर दुसऱ्यांचं खोटं पकडलं, पण हे खोटं मी पापणी न हलवता बोललो आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा बोलेन.

तिनं माझ्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं. मग माझा रिकामा कप उचलता उचलता म्हणाली, "बरा केलास सांगितलास." तिला ते पटलं होतं, की माझ्यावरचं ओझं उतरावं म्हणून ती तसं म्हणाली, हे मात्र इतक्या वर्षांच्या चौकश्यांनंतरही मला ओळखता आलं नाही.